हात पोहोचेल एवढी जागा

नवी बोट पाण्यात उतरून अकरा दिवस झाले होते. गेटवेसमोरच्या बोयाला बांधलेली ती उधाणाच्या भरतीवर सावकाश फिरत होती, आणि मी तिच्या मागच्या सामानाच्या कप्प्यात पालथा पडून, एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात दाढीचा आरसा धरून, इंजिनाला समुद्राचे पाणी पुरवणाऱ्या कॉकची मूठ शोधत होतो. मूठ आरशात स्पष्ट दिसत होती. इंजिन आणि बाजूची फळी यांच्यामधल्या चार बोटे रुंदीच्या फटीत ती होती, आणि माझ्या हाताची मधली दोन बोटे तिला कशीबशी टेकत होती. मूठ फिरवायची तर मनगटाला वळायला जागा लागते, आणि ती जागा कुणी ठेवलेलीच नव्हती. हा कॉक म्हणजे बोटीच्या तळाला मुद्दाम पाडलेल्या भोकावरचे झाकण असते. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर एक इंच व्यासाचे भोक उघडे राहिले, तर मिनिटाला साठ-पासष्ट लिटर पाणी आत येते, म्हणजे न्हाणीघरातल्या चार बादल्या. कॉकवरची रबरी नळी निसटली किंवा फुटली, तर बोट वाचवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे ती मूठ पाव वळसा फिरवणे. आमच्या कोऱ्या बोटीत तो पाव वळसा शक्य नव्हता.

मी तीस वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. तिथे प्रत्येक व्हॉल्व्हला नंबराचा बिल्ला असतो, ठरलेल्या दिवशी तो उघडून-मिटून पाहायचा असतो आणि तसे वहीत लिहायचे असते. ज्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही तो कुणी फिरवून पाहत नाही, आणि जो कधी फिरवलेला नाही तो नेमका गरजेच्या वेळी जाम होतो, हे त्या नोकरीत पहिल्या सहा महिन्यांतच कळून चुकते. निवृत्तीनंतर दोघा जुन्या सोबत्यांबरोबर पैसे घालून ही बत्तीस फुटी, फायबरची, शिडाची बोट घेतली, तेव्हा इतकी साधी गोष्ट बांधणाऱ्यांना ठाऊक असणारच, असे मी गृहीत धरले होते. बोट ज्या कंपनीने बांधली तिचे नाव मी इथे घेणार नाही. त्यानंतरच्या तीन मोसमांत ओळखीच्यांनी बोलावले म्हणून मी निरनिराळ्या बनावटींच्या अकरा नव्या बोटी आतून पाहिल्या, लहान मोटरबोटींपासून चाळीस फुटी शिडाच्या बोटींपर्यंत. त्यांतले दोष इतके सारखे निघाले की सगळे एकाच शाळेत शिकल्यासारखे वाटावेत. म्हणून हा एका कंपनीविरुद्धच्या तक्रारीचा लेख नाही.

नवी बोट विकत घेणारा माणूस ती बहुधा जमिनीवर पाहतो. प्रदर्शनातल्या सपाट तळावर, टेकूंवर उभी असलेली बोट तो जिना चढून बघतो. केबिनमध्ये उतरल्यावर त्याला ऐसपैस बैठक दिसते, रुंद गादी दिसते, मोठाल्या काचांतून आलेला उजेड दिसतो आणि गुळगुळीत फळ्यांची चकाकी दिसते. त्या क्षणी बोट हलत नसते, म्हणून आधाराला हात टाकावा असे त्याला कुठेही वाटत नाही. आमच्या केबिनची रुंदी दिवाणखान्यासारखी आहे, हे आम्हीच पाहुण्यांना कौतुकाने सांगत असू. पहिल्याच महिन्यात प्राँग्ज दीपगृहाच्या बाहेर, बाजूने येणाऱ्या लाटांत, आमच्यापैकी एक जण चहा करायला खाली गेला. बोट कलली तेव्हा धरण्यासारखे त्याच्या हाताशी काहीही नव्हते. तो केबिनच्या एका बाजूहून थेट दुसऱ्या बाजूला फेकला गेला आणि टेबलाच्या काटकोनी कोपऱ्यावर बरगडी आपटली. बरगडीला तडा गेला. सहा आठवडे त्याला कुशीवर वळता येत नव्हते. छताखाली दोन्ही बाजूंना एक-एक लाकडी दांडी आणि टेबलाच्या कडेला गोलाई, एवढे दिले असते तर हे टळले असते, आणि त्याला खर्च म्हणावा असा काही येत नाही. जुन्या अरुंद बोटींत माणूस पडला तरी जवळच अडकायचा. केबिन रुंद करायची असेल तर दांड्या वाढवायला हव्यात. प्रत्यक्षात केबिनी रुंद होत गेल्या आणि दांड्या दिसण्याच्या आड येतात म्हणून निघून गेल्या.

हवेचेही तसेच. बाजूला बसवलेल्या लांब काचा उघडत नाहीत, आणि मेच्या दुपारी आपल्याकडे बंद केबिनमध्ये पाच मिनिटे बसवत नाही. पाणी अडवून फक्त हवा आत सोडणारी डोराड नावाची पेटी ओलिन स्टीफन्स यांनी १९२९ साली आखलेल्या 'डोराड' या बोटीवरून ओळखली जाते. नव्या बोटींच्या डेकवर ती मला क्वचितच दिसली. डेक सपाट आणि मोकळा दिसावा, हेच कारण असावे.

पण हे दोष निदान दिसतात तरी. मला अस्वस्थ करतात ते न दिसणारे. मेच्या शेवटच्या आठवड्यात, बोट पाण्याबाहेर काढायच्या दोन दिवस आधी, वळवाची एक मोठी सर आली आणि दुसऱ्या दिवशी उजवीकडच्या गादीवर हातभर ओला डाग दिसला. पाणी डेकवरून येत होते, पण डेकवर फट कुठेच दिसत नव्हती. शेवटी कठड्याच्या एका खांबाची बैठक उघडली. चार बोल्ट होते. सीलंटचा, म्हणजे फट बुजवणाऱ्या लेपाचा, पातळ ओघळ बैठकीच्या फक्त बाहेरच्या कडेला होता. भोकांच्या आत काहीच नव्हते. मी भोकाच्या शेजारी, खालच्या बाजूने, तीन मिलिमीटरचे ड्रिल हलकेच आत घातले. कोऱ्या बोटीतून कोरडा, पांढुरका, पिठासारखा भुसा यायला हवा होता. ड्रिलच्या पात्यात अडकून आला तो चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी, ओला लगदा, आणि त्याला कुजक्या पानांचा वास येत होता. बोट तेव्हा सात महिन्यांची होती.

हे कसे होते ते सविस्तर सांगायला हवे, कारण निम्म्याहून अधिक नव्या बोटींचा रोग इथेच सुरू होतो असे मला वाटते. डेक सबंध फायबरचा नसतो. वर-खाली फायबरचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये हलका गाभा, अशी त्याची रचना असते. डेकवर वजन पडले की वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. गाभा त्या दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतो आणि म्हणून डेक हलका असूनही कडक राहतो. गाभ्यासाठी पुष्कळदा बाल्साचे लाकूड वापरतात, जे मुख्यतः इक्वेडोरमधून येते. त्याचे काप तंतू उभे राहतील असे रचतात. रचना उत्तमच आहे, पण डेकला भोक पाडले की पाण्याला गाभ्यापर्यंत वाट मिळते. म्हणून योग्य रीत अशी की भोक मोठे पाडायचे, त्याच्या कडेचा गाभा कोरून काढायचा, ती पोकळी इपॉक्सी या वाळून कडक होणाऱ्या घट्ट रसायनाने भरायची, ती वाळू द्यायची, आणि मग त्या इपॉक्सीच्या मधोमध बोल्टसाठी नवे भोक पाडायचे. पुढे सीलंट सुटले तरी पाणी इपॉक्सीला लागते, लाकडाला लागत नाही. या कामाला मधल्या वाळण्यासकट एक-दोन दिवस लागतात. भोक पाडून थेट बोल्ट आवळायला पाच मिनिटे लागतात. बाहेरून दोन्ही कामे हुबेहूब सारखी दिसतात, आणि एका डेकवर अशी शंभरावर भोके असू शकतात.

खांबाची बैठक उघडल्यावर मी धीर करून पुढच्या टोकाची क्लीट, म्हणजे दोर बांधायची धातूची खुंटी, खालून पाहिली. त्यासाठी छताचे अस्तर उतरवावे लागले. चार बोल्टांखाली रुपयाच्या नाण्याएवढे चार वॉशर होते आणि त्यांच्याभोवतीचे फायबर दाबले जाऊन पांढरे पडले होते. भार वाटून घेणारी पट्टी मागे नव्हती. ज्या बंदरात बोट रात्री शांत धक्क्याला उभी राहते, तिथे हे कदाचित बरीच वर्षे खपून जाईल. मुंबईतली आमची बोट मात्र उघड्या पाण्यात, एकाच दोरावर, मोसमभर दिवसरात्र टांगलेली असते. घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँचेस जवळून गेल्या की त्यांच्या लाटांनी ती उसळते आणि प्रत्येक उसळीचा हिसका त्या चार नाण्यांवर येतो. शिवाय इथे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते आणि ओहोटीची ओढ जबरदस्त असते. आम्ही जाड फायबरच्या शीटचा हातभर लांब तुकडा कापून खालून बसवला. तिघांचा मिळून एक रविवार गेला. बांधताना, डेक उलटा पडलेला असताना, हे काम पंधरा मिनिटांचे असते.

धातूंची गोष्ट याहून गंभीर आहे. पाण्याखालच्या कॉकसाठी ब्राँझ वापरावे किंवा जस्त सुटून जाऊ नये म्हणून खास बनवलेले पितळ वापरावे, हे ज्ञान जुने आहे. साध्या पितळात साधारण ४० टक्के जस्त असते. खाऱ्या पाण्यात ते हळूहळू निघून जाते आणि मागे उरते ते गुलाबी, सच्छिद्र तांबे, ज्याचा आकार शाबूत असतो पण ताकद गेलेली असते. एका परिचितांच्या चार वर्षांच्या बोटीत अशा जोडावर मी पाना लावला आणि वाळलेल्या भाकरीची कड मोडावी तसा तो तुकडा माझ्या हातात आला. सुदैवाने बोट तेव्हा जमिनीवर होती. कंपनीने नियम मोडला होता, असेही म्हणता येईना. अशा कॉकांसाठीच्या आयएसओ ९०९३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या १९९४च्या आवृत्तीत 'गंजरोधक' या शब्दाची व्याख्याच अशी होती की पाच वर्षांच्या सेवाकाळात ज्याच्या घट्टपणाला, ताकदीला किंवा कामाला बाधा येत नाही तो पदार्थ. पाच वर्षे! बोट वीस-पंचवीस वर्षे चालेल या हिशेबाने माणूस आयुष्याची पुंजी घालतो, आणि तिच्या तळाच्या भोकांवरची झाकणे पाच वर्षांच्या मापाने निवडली जातात, ही गोष्ट त्याला विक्रीच्या वेळी कुणी सांगत नाही.

त्याला सांगितले जाते ते बोटीच्या वर्गाविषयी. युरोपच्या नियमांनुसार बोटींचे ए, बी, सी, डी असे वर्ग पडतात. ए वर्गाची बोट आठ बोफर्टहून (बोफर्ट हे वाऱ्याच्या जोराचे माप) जोरदार वाऱ्यात आणि चार मीटरहून उंच लाटांत टिकेल अशी आखलेली असते, तर सी वर्गाची सहा बोफर्ट आणि दोन मीटरपर्यंत. त्यात स्थैर्याचा आणि मजबुतीचा हिशेब असतो, आणि तो महत्त्वाचाच आहे. पण 'ए वर्ग' हे शब्द घेणाऱ्याच्या कानांना 'पहिल्या प्रतीचे काम' असे ऐकू येतात. त्या अक्षरावरून नळीवरची क्लिप कोणत्या पोलादाची आहे ते कळत नाही. मी खिशात एक लहान लोहचुंबक ठेवतो. चांगल्या प्रतीच्या, समुद्रासाठीच्या स्टेनलेस पोलादाला तो जवळजवळ चिकटत नाही. आमच्या बोटीतल्या पाण्याखालच्या नळ्यांच्या सोळा क्लिपांपैकी नऊ क्लिपांच्या पट्टीला तो चिकटला नाही, पण आवळायच्या स्क्रूला टचकन चिकटला. पट्टी चांगली आणि स्क्रू हलका. क्लिप तुटते ती स्क्रूपाशीच.

विजेच्या तारांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या बदलणे तुलनेने सोपे आहे. आपल्या आज्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना ज्या कारणासाठी कल्हई लावून घेत, जवळपास त्याच कारणासाठी बोटीतल्या तांब्याच्या तारेला कल्हई असावी लागते. नाहीतर खारी हवा आवरणाखालून हात-हातभर आत शिरते आणि तार काळी पडते. आमची तार काळी पडली होती. अमेरिकेतल्या एबीवायसी या संस्थेच्या मानकानुसार, इंजिन सुरू करण्याची जाड तार सोडली तर बॅटरीतून निघणाऱ्या तारेला सर्वसाधारणपणे १८ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवा. आमचा फ्यूज दीड मीटरवर होता. उपसापंपाच्या पाठीवर छापलेला आकडा पाणी अजिबात वर न चढवता मोजलेला असतो, त्यामुळे वळ्यावळ्यांच्या नळीतून मीटरभर वर ढकलताना प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी पाणी बाहेर पडते. याही गोष्टी घेणाऱ्याला स्वतः शोधाव्या लागतात.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे, याचा मी पुष्कळ विचार केला. काटकसर आहेच, घाईही आहे. पण ज्या क्रमाने बोट बांधली जाते त्या क्रमातच एक कारण दडलेले आहे असे मला वाटते. साच्यातून निघालेला बोटीचा खालचा भाग म्हणजे उघडे पातेले असते. त्यात कारागीर उभा राहून टाक्या बसवतो, इंजिन बसवतो, नळ्या आणि तारा ओढतो. त्याच्या हाताला चहूकडून जागा असते. ज्या कॉकसाठी मी आरसा घेऊन पालथा पडलो होतो, तो त्याने उभ्याने, दोन्ही हातांनी आवळला असणार. मग आतल्या फर्निचरचा साचा येतो आणि शेवटी डेक झाकणासारखा वरून बसतो. त्या क्षणी सगळ्या जागा संपतात. पण तो कारागीर तेव्हा पुढच्या पातेल्यात उतरलेला असतो. आपण बसवलेली वस्तू झाकण बसल्यावर कशी दिसते, तिच्यापर्यंत कसे जावे लागते, हे त्याला कधीच अनुभवावे लागत नाही. आखणी करणाऱ्यालाही नाही, कारण त्याच्या पडद्यावरची बोट पारदर्शक असते. माणसाचा खांदा किती रुंद असतो, कोपर कुठे वळते, पाना किती लांब असतो, हे त्या चित्रात नसते.

आतला तो साचा केवळ वाट अडवत नाही. अनेक बोटींत तळाला बळकटी देणारी जाळी वेगळी घडवून तळाला चिकटवतात, आणि ती चिकटलेली आहे की सुटली आहे हे वरून कळणे अवघड असते. मे २०१४ मध्ये 'चीकी राफिकी' ही चाळीस फुटी बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परतताना अटलांटिकमध्ये तिचा खालचा जड कणा निखळून उलटली आणि चौघे जण गेले. ती काही कोरी बोट नव्हती. ती पूर्वी तळाला लागली होती आणि तिची दुरुस्तीही झाली होती. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागाचा २०१५ सालचा अहवाल मी दोनदा वाचला. आधीच्या धडका आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांमुळे कण्याचा जोड कमजोर झाला असावा, आणि अशा चिकटवलेल्या जाळीचे सुटणे नजरेतून निसटू शकते, असे त्यात म्हटले आहे. चारही जण अनुभवी किंवा शिकत असलेले खलाशी होते. आपल्या पायांखाली काय सुटले आहे हे पाहायला त्यांना वाट असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

पाण्याबाहेर काढल्यावर आमची बोट दाखवायला मी करंज्याच्या एका मिस्त्रींना घेऊन आलो. ते मच्छीमारांच्या लाकडी बोटी बांधत आले आहेत, आणि आता लाकडावर फायबर चढवण्याचे कामही करतात. त्यांनी बोटीभोवती एक फेरी मारली, तळावरून तळवा फिरवला आणि वळणाची मनापासून तारीफ केली. मग आत उतरले, जमिनीची एक फळी उचलून बराच वेळ खाली पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेब, हात घालाला जागा कुठं हाय?" त्यांनी आणखी काही विचारले नाही. त्यांच्या वाडीत जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढतात, आणि त्यांनी बांधलेली प्रत्येक बोट दर पावसाळ्यात त्यांच्याच समोर उघडी होते. कुठे पाणी मुरले, कुठला खिळा गंजला, कुठल्या सांध्यातला कापूस निघाला, हे नाखवा त्यांना बोट ठेवून दाखवतो, आणि नारळी पौर्णिमेच्या आत ते त्यांनाच निस्तरावे लागते. हात घालायला जागा ठेवली नाही तर अडचण होणार ती त्यांच्याच हाताची.

मी लाकडी बोटींचे गोडवे गाणाऱ्यांपैकी नाही. याच मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारच्या सागवानात बांधलेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे, याचा मला अभिमान आहे. पण युद्धनौकेची आणि आमच्या रविवारच्या बोटीची तुलना न्याय्य नाही, आणि फायबर आले नसते तर आमच्यासारख्या तिघा पेन्शनरांना बोट परवडलीच नसती. आमच्या बोटीचा तळ निर्दोष आहे, तिची चाल सुरेख आहे, इंजिनाने एकदाही दगा दिलेला नाही. आजकालच्या आखणीकाराचे पाण्याच्या वाहण्याविषयीचे ज्ञान पूर्वीच्या कुणाहूनही अधिक आहे. म्हणूनच जास्त वाईट वाटते. इतके अवघड ते साधलेले आणि इतके सोपे ते राहून गेलेले.

नव्या पद्धतीची बोटही निगुतीने बांधता येते, याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. 'म्हादेई' ही शिडाची बोट गोव्यात दिवाडीच्या यार्डात लाकडी गाभ्यावर फायबर आणि इपॉक्सी चढवून बांधली गेली आणि २००९च्या फेब्रुवारीत नौदलात आली. तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती ते कमांडर दिलीप दोंदे बांधणी चालू असताना स्वतः त्या कामात गुंतलेले होते. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात चार बंदरे घेऊन ते मुंबईला परतले. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आले. दक्षिण महासागरात रात्री ज्याला कॉक बंद करावा लागणार तोच माणूस यार्डात उभा असला, की कॉक कुठे बसतो यात फरक पडणारच. रविवारी बोट चालवणाऱ्या प्रत्येकाला यार्डात महिनोन्महिने उभे राहता येत नाही, हे खरे. पण डेक बसण्याआधीच्या आतल्या भागाची छायाचित्रे मागता येतात. बयाणा देण्यापूर्वी तासभर केबिनच्या जमिनीवर आडवे होता येते, आणि प्रत्येक कॉक स्वतःच्या हाताने बंद करून पाहण्याचा आग्रह धरता येतो. इंजिनाच्या पाणीपंपाचे झाकण कोणत्या बाजूला आहे ते पाहता येते. आपल्या बंदरातल्या गाळाच्या आणि प्लॅस्टिकच्या पाण्यात त्या पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे चक्र, किती वेळा बदलावा लागतो ते इथल्या कुणालाही विचारावे. आमच्या पंपाचे झाकण फळीकडे तोंड करून आहे आणि त्याचे सहा स्क्रू मी आंधळ्यासारखे, स्पर्शाने काढतो. त्यातला एक दर वेळी बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पाणी साचणाऱ्या खोलगट जागेत, पडतो.

कंपनीला मी चौदा मुद्द्यांचे पत्र लिहिले, छायाचित्रांसह. दोन महिन्यांनी उत्तर आले की सर्व काम प्रचलित पद्धतीनुसार झालेले आहे, आणि वॉरंटीत बसते म्हणून गादीचे एक कव्हर बदलून मिळेल. त्या पत्राचा मला राग आला नाही, दुःख झाले, कारण त्यातले पहिले वाक्य खरे होते.

गेल्या दोन पावसाळ्यांत आम्ही आणि मिस्त्रींनी मिळून पुष्कळ काही केले. अठ्ठावीस भोके कोरून इपॉक्सीने भरली, ओला गाभा निघेल तेवढा काढला, तळाचे पाचही कॉक ब्राँझचे बसवले, क्लिपा दुहेरी केल्या, छताखाली सागवानी दांड्या आल्या. मागच्या कप्प्याच्या फळीत मिस्त्रींनी वीतभर चौकोन कापला, त्याच्या कापलेल्या कडांना दोन हात इपॉक्सी दिले आणि झाकण बसवले. आता त्यातून हात सरळ कॉकवर जातो आणि मूठ पाव वळसा फिरते. मी दर रविवारी ती बंद करून उघडतो.

डिझेलची टाकी मात्र अजून तशीच आहे. ती अ‍ॅल्युमिनियमची आहे, केबिनच्या जमिनीखाली, फोममध्ये पुरलेली. डेकच्या आधी बसवलेली आणि कुठल्याही दारातून बाहेर न निघणारी. फोम आणि धातूच्या मध्ये ओल साचली की अशी टाकी खालून पोखरते, आणि तिचा तळ आम्ही तिघांपैकी कुणीही कधी पाहिलेला नाही. येत्या जूनमध्ये जमीन कापायची असे ठरले आहे. मिस्त्री परवा येऊन माप घेऊन गेले आणि जाताना चकचकीत फळ्यांवर, टेबलाच्या पायापासून जिन्यापर्यंत, पेन्सिलीने रेघ आखून गेले.